फ्रीस्टाइलमध्ये पंचवीस मीटरलाच दम का लागतो?

मिलिंद_तळेगाव | २ फेब्रुवारी, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. वय ४६. लहानपणी आजोळी विहिरीत पोहायला शिकलो, त्यामुळे पाण्याची भीती कधीच नव्हती. ब्रेस्टस्ट्रोक किलोमीटरभर न थांबता मारतो. रोज सकाळी ६ ची बॅच, ४५ मिनिटं. पण फ्रीस्टाइल सुरू केलं की २५ मीटरची एक लेंथ संपेपर्यंत छाती फुटायची वेळ येते. पलीकडची भिंत पकडून दोन मिनिटं नुसता धापा टाकत उभा राहतो. शेजारच्या लेनमध्ये एक साठीचे काका असतात. ना पाणी उडत, ना आवाज होत, लेंथमागून लेंथ चालूच.

दमसास वाढवावा म्हणून दोन महिने पळालो. आता १० किलोमीटर पळतो. फ्रीस्टाइलमध्ये काडीचा फरक नाही. मग हा दम नक्की कसला?

एका लेंथला ३०-३१ हात पडतात. श्वास उजवीकडे, दर दोन हातांनी. व्हिडिओ पुष्कळ बघितले. एक म्हणतो कोपर वर ठेवा, दुसरा म्हणतो खांदा फिरवा, तिसरा पायांवर घसरतो. पाण्यात उतरल्यावर एवढं सगळं ध्यानात राहत नाही. आधी एकच गोष्ट सुधारायची तर कोणती?

चिंगी | २ फेब्रुवारी, रात्री १०:०५

पाय फार जोरात मारत असाल. मांडीचे स्नायू शरीरातले सगळ्यात मोठे. निम्मा दम तेच खातात.

धावता_धोटे | २ फेब्रुवारी, रात्री १०:३०

मी पण! मॅरेथॉन पळतो, आणि एका लेंथमध्ये गार. धागा वाचत बसलोय.

पाणकावळा | ३ फेब्रुवारी, सकाळी ७:१५

मिलिंदराव, वीस वर्षं मुलांना पोहायला शिकवतोय. तुम्हाला एकच प्रश्न विचारतो. तोंड पाण्यात असताना तुमच्या नाकातोंडातून बुडबुडे येतात का? आठवून सांगू नका. उद्या पाण्यात बघून सांगा.

मिलिंद_तळेगाव | ४ फेब्रुवारी, सकाळी ८:०२

आज मुद्दाम लक्ष ठेवलं. येत नाहीत! श्वास धरूनच ठेवतो. तोंड बाहेर आल्यावर आधी सोडतो, मग घेतो, आणि तेवढ्यात तोंड परत पाण्यात. एवढी वर्षं हे कळलंच नव्हतं.

पाणकावळा | ४ फेब्रुवारी, दुपारी १:२०

मग अर्धं काम झालं. आता नीट सांगतो.

लोहाराचा भाता आठवा. आधी रिकामा केला नाही तर त्यात नवी हवा शिरणार कुठून? फ्रीस्टाइलमध्ये तोंड बाहेर असतं जेमतेम सेकंदभर. तेवढ्यात सोडायचं आणि घ्यायचं अशी दोन कामं होत नाहीत. म्हणून सोडायचं काम पाण्यातच उरकायचं. तोंड पाण्यात गेलं की लगेच नाकातून बारीक बुडबुडे सुरू, आणि मान वळवायच्या बेताला उरलेली हवा तोंडाने फुर्रकन बाहेर. बाहेर आल्यावर फक्त घ्यायचं.

ब्रेस्टमध्ये हे का जाणवलं नाही? तिथे प्रत्येक हाताला डोकं समोर वर येतं आणि निवांत वेळ मिळतो. आणि तुमच्यासारख्या विहिरीत शिकलेल्या माणसाचं डोकं तर बहुतेक वेळ बाहेरच असतं.

आठवडाभर फ्रीस्टाइल विसरा. उथळ बाजूला, चार फुटांत, कठडा धरून उभे राहा. तोंड पाण्यात, बुडबुडे, मान बाजूला, श्वास, परत तोंड पाण्यात. सलग पन्नास वेळा. पन्नासाव्या वेळी पहिल्यासारखंच शांत वाटलं तर पुढे जायचं, नाहीतर दुसऱ्या दिवशी परत तेच. मुलं या व्यायामाला कंटाळतात. मोठी माणसं लाजतात. पण हे टाळून पुढे गेलेला माणूस वर्षानुवर्षं २५ मीटरवर अडकलेला मी पाहिलाय.

डॉक्टरीणबाई | ४ फेब्रुवारी, दुपारी ३:४५

पाणकावळा यांना अनुमोदन, वैद्यकीय बाजूनेही. श्वास घ्यावासा वाटण्याची ती जी तडफड असते, ती मुख्यतः प्राणवायू संपल्यामुळे होत नाही. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठला की मेंदू घंटा वाजवतो. श्वास धरून ठेवला की तो साठतच जातो. म्हणजे मिलिंद, तुमची फुप्फुसं हवेने भरलेली असतानाच तुम्हाला गुदमरल्यासारखं होतं. दहा किलोमीटर पळून हे सुटलं नाही त्याचं कारण हेच. पळताना श्वास कोणी धरून ठेवत नाही.

एक कळकळीची सूचना. हे वाचून कोणीही 'श्वास जास्त वेळ धरायचा सराव' पाण्यात एकट्याने करू नका. भराभर खोल श्वास घेऊन मग बुडी मारणं तर मुळीच नको. त्यात कार्बन डायऑक्साइड आधीच कमी झालेला असतो, घंटा वाजतच नाही, आणि चांगला पोहणारा माणूसही पाण्याखाली बेशुद्ध पडतो.

कृष्णाकाठ | ४ फेब्रुवारी, रात्री ९:१०

मी जरा वेगळं बोलणार आहे. आम्ही सांगलीचे. पाठीला भोपळा बांधून कृष्णेत शिकलो, पुढे पुराच्या पाण्यात आयर्विन पुलावरून उड्या मारल्या. आमच्यात कोणीही तोंड पाण्यात घालत नव्हतं. डोकं वर, नजर समोर, हात लांब. अशी नदी आरपार करणारी माणसं डोळ्यांनी पाहिली आहेत. त्यांना कोणी बुडबुडे शिकवले नव्हते. नदीत समोरून ओंडका येतोय की भोवरा आहे, हे बघावंच लागतं. तेव्हा डोकं वर ठेवणं म्हणजे चूकच, असं म्हणू नका.

अनघा_सिडनी | ५ फेब्रुवारी, पहाटे ४:५०

कृष्णाकाठ काका, तुमच्या बाजूने एक मोठा साक्षीदार आहे. जॉनी वाइसम्युलर. १९२२ साली १०० मीटर एका मिनिटाच्या आत पोहणारा पहिला माणूस, वेळ ५८.६ सेकंद. पुढे सिनेमातला टारझन झाला तोच. तो डोकं आणि छाती बरीच वर ठेवून पोहायचा.

मी राहते त्या भागात या क्रॉलच्या, म्हणजे आपण ज्याला फ्रीस्टाइल म्हणतो त्याच्या, जन्माची गोष्ट सांगतात. १८९० च्या दशकाच्या शेवटी सॉलोमन बेटांवरचा ॲलिक विकम नावाचा एक पोरगा इथे ब्राँटीच्या समुद्रकाठच्या तलावात त्याच्या बेटावरच्या पद्धतीने पोहला, आणि काठावरचा कोणीतरी ओरडला की बघा, पोरगं कसं सरपटतंय! त्यावरून नाव क्रॉल. शब्दाची ही गोष्ट खरी की रचलेली, कोण जाणे, पण ही पद्धत बेटांवरच्या लोकांची, हे इथे आता आवर्जून सांगतात, आणि मला ते फार आवडतं. कृष्णेतल्या माणसांसारखेच तेही कुठल्या सरांकडे शिकले नव्हते.

पाणकावळा | ५ फेब्रुवारी, सकाळी ७:३०

कृष्णाकाठ, नदीच्या माणसांबद्दल आदरच आहे. नदीत तुमची पद्धत बरोबर. पण ती माणसं प्रवाहाचा उपयोग करत तिरकी जायची, आणि पोरवयापासून पाण्यात असल्याने त्यांची पाठ-मान तशी घडलेली होती. तलावाचं पाणी थांबलेलं. तिथे जे काही आहे ते तुमच्याच अंगाने ढकलायचं.

छातीत हवा असते, म्हणून छाती तरंगते. पाय जड, म्हणून बुडू बघतात. माणूस म्हणजे पाण्यावर आडवा ठेवलेला तराजू. डोकं वर उचललं की पाय खाली जाणार. पाय खाली गेले की अख्खं अंग तिरकं होऊन पाण्याला आडवं येतं. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट दाट. वेग दुप्पट करायला गेलात तर विरोध चौपट. म्हणून जोर वाढवण्याच्या आधी अंग सरळ करायचं. वाइसम्युलरकडे राक्षसी पाय होते, त्याला डोकं वर ठेवणं परवडलं. तुमच्या-माझ्या वयात नाही परवडत.

मिलिंदराव, तुमची दुसरी गोष्ट ही. नजर तळाच्या काळ्या पट्टीवर. समोरची भिंत बघायची नाही, ती कुठे जात नाही.

बाळूमामाचा_भाचा | ५ फेब्रुवारी, सकाळी ९:००

आमच्या गावच्या डोहात म्हशी बघा. नाकपुड्या तेवढ्या बाहेर, बाकी सगळं पाण्याला वाहिलेलं. दिवसभर असतात, एकीला दम लागत नाही.

रेवाक्का | ५ फेब्रुवारी, दुपारी २:३०

म्हशीचं वाचून खूप हसले, पण अगदी बरोबर आहे ते. पाण्याला वाहून टाकणं मला जमायला दीड वर्ष लागलं.

मी ५४ व्या वर्षी शिकले. आमच्या माहेरी विहीर होती, पण तिच्यात भाऊ पोहायचे. आम्ही बहिणी काठावर कपडे घेऊन उभ्या. मुलगी नोकरीला लागली तेव्हा तिच्या मागे लागून बायकांच्या दुपारच्या बॅचला नाव घातलं. पहिल्या दिवशी पायरीवरून खाली उतरायला वीस मिनिटं लागली. आमच्या मॅडम माझा हात धरून तेवढा वेळ पाण्यात उभ्या होत्या, एकदाही "चला" म्हणाल्या नाहीत.

बुडबुड्यांसाठी त्यांनी एक युक्ती सांगितली, ती इथे देते. ओंकार म्हणतो ना, त्यातला शेवटचा 'म्' पाण्यात तोंड घालून लांबवायचा. म्ऽऽऽऽ. ओठ मिटलेले, त्यामुळे हवा आपोआप नाकातून, सावकाश, एका धारेत जाते. नाकात पाणीही जात नाही. आणि आवाज अख्ख्या डोक्यात घुमतो, कवटी आतून गुणगुणते. भीती असेल तर ती त्या आवाजाने निवते. आज ६१ वर्षांची आहे, आठवड्यातून चार दिवस जाते, ४०० मीटर सलग होतं. अजूनही पहिल्या लेंथला म्ऽऽ करतेच.

मिलिंद_तळेगाव | ५ फेब्रुवारी, रात्री ८:१५

रेवाक्का, तुमचा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला. तिने बॅचचं वेळापत्रक मागवून घेतलंय!

डॉक्टरीणबाई | ५ फेब्रुवारी, रात्री ८:४०

रेवाक्का _/\_

धावता_धोटे | ७ फेब्रुवारी, सकाळी ११:००

बुडबुड्यांनी मला बराच फरक पडला, पण माझा वेगळाच घोळ निघाला. किकबोर्ड, म्हणजे ती तरंगती फळी, धरून नुसते पाय मारले तर मी जागच्या जागी राहतो. एकदा तर चक्क मागे गेलो. लेनमधली शाळकरी मुलगी थांबून बघत होती.

लोखंडी_लाट | ७ फेब्रुवारी, दुपारी १२:४०

धोटे, हा धावणाऱ्यांचा आणि सायकलवाल्यांचा ठरलेला आजार. घोटे ताठ. पळताना पाऊल नडगीशी काटकोनात राहतं, तीच सवय पाण्यात. मग पाऊल वल्ह्यासारखं न चालता फावड्यासारखं पुढचं पाणी ओढतं. शिवाय गुडघ्यातून सायकल मारता, म्हणजे मांडी पुढे येऊन पाणी अडवते. पाय कंबरेतून हलला पाहिजे, गुडघा किंचित सैल, पाऊल बॅलेरिनासारखं मागे ताणलेलं पण ढिलं.

रोज जेवणानंतर दहा मिनिटं वज्रासन घाला. खरंच सांगतो. मी गोव्याच्या अर्ध-आयर्नमॅनची (पोहणं, सायकल आणि पळणं अशी सलग शर्यत) तयारी करत होतो, मिरामारच्या समुद्रात १.९ किलोमीटर. चार महिने वज्रासन केलं, पावलं जमिनीला टेकायला लागली आणि किक आपोआप सुधारली.

आणि लांब पोहायचं असेल तर पाय कमीच मारा. दोन हातांच्या एका आवर्तनाला दोनच लाथा, अंग सरळ ठेवण्यापुरत्या. सहा लाथा ५०-१०० मीटरवाल्यांसाठी.

कृष्णाकाठ | ७ फेब्रुवारी, रात्री ९:३०

पायांचा विषय निघाला म्हणून आमच्या जिल्ह्यातल्या माणसाचं नाव घेतो. मुरलीकांत पेटकर, पेठ इस्लामपूरचे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, कमरेखालचं बळ गेलं. १९७२ साली जर्मनीत हायडलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये सुवर्ण, ३७.३३ सेकंद, तेव्हाचा विश्वविक्रम. भारताचं पॅरालिंपिकमधलं पहिलं वैयक्तिक सुवर्ण. २०१८ ला पद्मश्री. बिनपायांचं पाणी कापलंय या माणसाने. पाय चालत नाहीत म्हणून रडणाऱ्या आमच्या पोरांना मी त्यांचीच गोष्ट सांगतो.

पाणकावळा, तुमचं तराजूचं पटलं. काल तलावावर जाऊन तळाकडे बघत पोहलो. मानेचं दुखणं वीस वर्षांचं आहे, काल पहिल्यांदा पोहून आल्यावर मान दुखली नाही. नदीत मात्र डोकं वरच ठेवणार.

पाणकावळा | ८ फेब्रुवारी, सकाळी ७:००

नदीत मीही वरच ठेवतो, काका.

शुभदा_के | ११ फेब्रुवारी, सायंकाळी ६:२०

हातांबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते. मला लहानपणी एका तलावावर शिकवलं होतं की हात पाण्यात घालताना अंगठा आधी, तळवा बाहेर. तसंच पंचवीस वर्षं पोहले. परिणाम म्हणजे उजवा खांदा गेला. केस विंचरताना हात वर जाईना. सहा महिने पाणी बंद. शिकवणाऱ्यांचा दोष नाही, तेव्हा सगळीकडे तसंच शिकवत.

फिजिओथेरपिस्टने पोहण्याचा व्हिडिओ मागितला. तो बघून म्हणाली, प्रत्येक वेळी खांदा आतल्या बाजूला पिळून पाण्यात घालताय. दिवसाला हजार वेळा पिळला तर काय होणार? आता बोटांची टोकं आधी, तळवा खाली, आणि हात खांद्याच्या रेषेत. माझा हात डोक्यासमोरून पलीकडच्या बाजूला जायचा, त्यामुळे मी सापासारखी वळवळत जायचे. रेल्वेचे दोन रूळ आहेत असं समजायचं, डावा हात डाव्या रुळावर, उजवा उजव्या. पहिले काही दिवस वाटतं की हात फारच फाकलेत. प्रत्यक्षात सरळ असतात.

कोकणी_मेवा | ११ फेब्रुवारी, रात्री ९:५०

आणि त्या 'कोपर वर' चं काय? मला आजतागायत कळलेलं नाही.

पाणकावळा | १२ फेब्रुवारी, सकाळी ७:१०

तलावातून शिडी न वापरता बाहेर कसे येता? काठावर तळवे टेकवता आणि अंग वर उचलता. तेव्हा कोपरं कुठे असतात? वर आणि बाहेर, तळव्यांच्या वर. कोपर खाली पाडून कोणालाही काठावर चढता येणार नाही. पाण्यातही तेच. हात पुढे लांबवल्यावर आधी बोटं खाली झुकवायची, मग कोपरापासूनचा हात उभा करायचा, आणि त्या अख्ख्या पट्टीने पाणी मागे ढकलायचं. नुसत्या पंजाने नाही. कोपर आधी मागे सरकलं तर हात पाण्यातून सुरीसारखा निसटतो आणि माणूस तिथेच राहतो.

मुठी वळून एक लेंथ मारा, मग पंजा उघडून एक. पंजा उघडल्यावर हातात परात दिल्यासारखं वाटेल.

पण मिलिंदरावांनी हे आत्ता वाचूच नये. त्यांनी एकच गोष्ट मागितली होती.

लोखंडी_लाट | १२ फेब्रुवारी, दुपारी १:००

दोन्ही बाजूंनी श्वास घ्यायला आतापासूनच शिकवा त्यांना, दर तीन हातांनी. नंतर एक बाजू पक्की झाली की सुटत नाही. मालवणला चिवला बीचच्या स्पर्धेत माझ्या उजवीकडून लाटा येत होत्या. ज्यांना फक्त उजवा श्वास येत होता त्यांनी अर्धा समुद्र पिला.

पाणकावळा | १२ फेब्रुवारी, दुपारी ४:३०

इथे मी असहमत. समुद्रात उतरणाऱ्याला दोन्ही बाजू यायलाच हव्यात, मान्य. पण ज्याला दोन हातांनी श्वास पुरत नाही, त्याला तीन हातांनी घ्यायला लावणं म्हणजे भुकेल्याला उपास सांगणं. आधी दम बसू दे.

लोखंडी_लाट | १२ फेब्रुवारी, सायंकाळी ५:१५

तीन हातांनी नको तर एक लेंथ उजवीकडे, परत येताना डावीकडे. दोन हातांनीच. चालेल?

पाणकावळा | १२ फेब्रुवारी, सायंकाळी ५:४०

हे चालेल. हे मीही उचलतो.

चिंगी | १५ फेब्रुवारी, सकाळी १०:००

श्वास घेताना माझ्या तोंडात पाणी येतंच. डोकं अजून वर घेऊ का?

रेवाक्का | १५ फेब्रुवारी, दुपारी १:१०

नको गं. उलट कर. पुढे सरकताना डोक्याच्या शेजारी पाण्याला खळगा पडतो, तोंड त्या खळग्यात उघडायचं असतं. एक गॉगल पाण्यात, एक बाहेर. नुसती मान वळवायची नाही, झोपेत कूस बदलतो तशी अख्ख्या अंगाने कूस बदलायची. गाल पाण्याच्या उशीवर राहू दे. पहिल्यांदा विश्वास बसत नाही की पाण्याच्या पातळीखालीही हवा मिळेल. मिळते.

मिलिंद_तळेगाव | १९ एप्रिल, रात्री ९:२०

धागा वर काढतोय, कारण सांगण्यासारखं आहे.

पहिले नऊ दिवस फक्त कठडा धरून बुडबुडे. बॅचमधल्या दोघांनी विचारलं, तब्येत बरी आहे ना? दहाव्या दिवशी भिंतीला पाय देऊन एक लेंथ मारली, नजर काळ्या पट्टीवर. मधेच जाणवलं की टाचा पाण्याच्या वर हवेत लागतायत. थंड वाऱ्याची झुळूक टाचांना! माझे पाय इतकी वर्षं किती खाली होते ते तेव्हा कळलं. पलीकडे पोचलो, भिंत धरली आणि उभाच राहिलो, पण धाप नव्हती. सवयीने थांबलो होतो नुसता.

मार्चअखेर १०० मीटर सलग झाले. परवा ४००. हात आता लेंथला २३-२४. पळणं कमी केलंय, म्हणजे दम पळण्यातून आलेला नाही हे नक्की.

शेजारच्या लेनमधल्या काकांशी शेवटी बोललो. त्यांनी माझं फेब्रुवारीपासूनचं सगळं बघितलं होतं. म्हणाले, "तुम्ही कठडा धरून बुडबुडे करायला लागलात ना, त्याच दिवशी घरी जाऊन हिला सांगितलं, एक माणूस शिकायला लागला." ते स्वतः निवृत्तीनंतर शिकले आहेत.

आता एक अडचण. उजवीकडे श्वास घेताना पुढे गेलेला डावा हात लगेच खाली दाबला जातो, आणि मी थोडा बुडतो. चौथ्या-पाचव्या लेंथनंतर जास्त. काय करू?

शुभदा_के | १९ एप्रिल, रात्री ९:३५

टाचांना वारा! अगदी, अगदी. अभिनंदन!

पाणकावळा | २० एप्रिल, सकाळी ७:०५

वाचून फार बरं वाटलं. सकाळ चांगली गेली.

तो डावा हात म्हणजे आधार शोधणारा हात आहे. डोकं वर न्यायला तो पाणी खाली दाबतो. थकल्यावर जुनी सवय परत येते. डाव्या कुशीवर आडवे व्हा, डावा हात पुढे लांब, उजवा मांडीला चिकटलेला, हलके पाय. नजर तळाला. सहा लाथा मोजा, कूस बदलून श्वास घ्या, परत तळ. तेवढ्या वेळात डावा हात जिथे आहे तिथेच राहिला पाहिजे, फळीवर ठेवल्यासारखा. फिन्स (पावलांत घालायचे रबरी पंख) मिळाले तर लावा, सोपं जाईल. रोज चार लेंथ.

आणि कोपरांचा तो १२ फेब्रुवारीचा प्रतिसाद आता वाचायला हरकत नाही.

मिलिंद_तळेगाव | २० एप्रिल, सकाळी ८:३०

तो मी त्याच दिवशी वाचला होता, सर. पण केला नाही. उद्यापासून करतो. बायकोची पण उद्या पहिली बॅच आहे, दुपारची. रेवाक्का, तिने म्ऽऽ आत्तापासून बादलीत सुरू केलंय.

रेवाक्का | २० एप्रिल, सकाळी ९:१२

तिला सांगा, पायरीवर वीस मिनिटं लागली तर लागू देत. आणि टोपी घालायच्या आधी केस ओले करायचे, मग ओढत नाही.